बारा जणांतली जागा

५ मार्च, राखेचा बुधवार
तुमच्या हृदयात सगळ्यात जास्त वेळ कोण बसलेलं असतं? आज कपाळाला राख लावण्याआधी फादर ऑल्विननी सगळ्यांना हा प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जेवले, भांडी घासली, तरी येत नाही. 'येशू' हे बरोबर उत्तर आहे, ते मला पाठ आहे. पण फादरांनी विचारलं तेव्हा मी पुढच्या बाकावरच्या नेरिसाकडे बघत होते. तिच्या कपाळावर राखेचा इतका सुबक क्रूस कसा उमटला, आणि माझ्या कपाळावर नुसता डाग का?

फादर म्हणाले, हृदय घरासारखं असतं, रोज झाडलं नाही तर धूळ बसते. उपवासकाळाचे, म्हणजे लेंटचे, चाळीस दिवस त्यासाठीच असतात. म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही. रोज रात्री आत डोकवायचं आणि काय दिसलं ते खरं खरं लिहायचं. चहात साखर बंद. इन्स्टाग्राम बंद. रोज पाच मिनिटं मौन. कोणाशीही तुलना नाही. ईस्टरपर्यंत माझं हृदय काचेसारखं झालेलं असेल.

७ मार्च, शुक्रवार
बिनसाखरेचा चहा. दिवसभर डोकं दुखलं. परळच्या ऑफिसात तीन जणींनी विचारलं, बरं नाही का? तिघींनाही साखर सोडल्याचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

उपवासकाळातला शुक्रवार, मांस नाही. मम्मीने ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. मी म्हटलं, हा त्याग आहे की मेजवानी? मम्मी म्हणाली, बी.ए. झालीस म्हणून बोंबलांना मटण म्हणणार काय गो? मी दोनदा वाढून घेतलं. तिचं मन मोडायचं नव्हतं.

इन्स्टाग्राम उघडलं नाही. फक्त मम्मीच्या फोनवरून बघितलं, नेरिसाने राखेचा फोटो टाकलाय का. टाकलाय. दोनशेवर लाइक. अकाउंट मम्मीचं होतं, तेव्हा माझं व्रत मोडलेलं नाही.

९ मार्च, रविवार
आज नीट लिहिते, म्हणजे मनात अढी राहणार नाही.

नेरिसा आमच्या शेजारची. शिवडीच्या या बिल्डिंगमध्ये आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. पहिलीपासून एका बाकावर बसलो. बारावीनंतर तिने ब्युटीशियनचा कोर्स केला, आता दादरच्या एका पार्लरमध्ये असते. मी बी.ए. केलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. डॅडींनी सर्टिफिकेट फ्रेम करून येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलं. दोन बोटं उंच लागलं होतं, ते मम्मीने रातोरात खाली घेतलं.

दर रविवारी मी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेआधी लहान मुलांना धर्मशिक्षण देते. तीन वर्षं, एकही खाडा नाही. नेरिसा येते शुभवर्तमान वाचून झाल्यावर, मागे खांबाला टेकून उभी राहते. मग गाणं सुरू झालं की तिचा आवाज लागतो आणि अख्खं चर्च मागे वळून बघतं. आज फादर तिला दारात हसून म्हणाले, आलीस? बरं वाटलं. मी अर्धा तास आधी आले होते. मला म्हणाले, फ्लॅविया, खिडक्या उघडतेस का जरा?

याला हेवा म्हणत नाहीत. हे निरीक्षण आहे.

१२ मार्च, बुधवार
पाच मिनिटं मौन. पहिलं मिनिट चांगलं गेलं. उरलेल्या वेळात तिची नवी पर्स. तिला परवडते कशी?

ठरवलं, या वहीत तिचं नाव पुन्हा यायचं नाही. 'ती' लिहायचं.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. ऑफिसला सुट्टी. ती नायगावच्या मैत्रिणींकडून हिरवीजांभळी होऊन आली आणि तशीच आमच्या उंबऱ्यावर बसली. मम्मीने चहा पुढे केला. ती म्हणाली, माझ्यात साखर नको आंटी, लेंट आहे ना.

म्हणजे तिनेही सोडली आहे! आणि दहा दिवस कोणाला कळलंसुद्धा नाही. मम्मी तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, गुणाची गो पोर. मम्मीच्या हाताला जांभळा रंग लागला, तरी ती हसत होती.

रात्री विचार केला. त्याग ही काही शर्यत नाही. म्हणून मी शर्यतीतून बाहेर पडले. उद्यापासून साखर सुरू.

२३ मार्च, रविवार
दोन पानं फाडून टाकली. थंडपणे लिहिते.

येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर कमरेला टॉवेल बांधून, गुडघे टेकून आमच्यातल्या बारा जणांचे पाय धुतात. या वर्षीची बारा नावं आज मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलच्या लॅन्स अंकलनी माइकवर वाचली. गोदीतले एक काका. केईएममधली नर्स. एक विधवा बाई. एक बेस्टचे ड्रायव्हर. असं करत करत म्हणाले, आणि युवकांमधून...

मी उठले. म्हणजे अर्धीच उठले. अंकल म्हणाले, नेरिसा.

अर्धं उठलेल्या माणसाने काय करावं, हे कोणी शिकवत नाही. मी वाकून खाली पडलेलं गीतांचं पुस्तक उचललं. पुस्तक पडलेलं नव्हतं. शेजारच्या बाईंचं होतं, त्यांच्या मांडीवर. त्या म्हणाल्या, काय झालं गो?

रात्री, जेवणानंतर
हा हेव्याचा नाही, न्यायाचा प्रश्न आहे. मी जेवताना घरी शांतपणे मांडला. नियमित कोण येतं? मुलांना शिकवतं कोण? पॅरिशमधल्या मराठी मुलींत ग्रॅज्युएट किती? डॅडी बोंबलाचा काटा बाजूला ठेवत म्हणाले, त्या बारांत तरी ग्रॅज्युएट कोण होता? असलाच तर येशूला धरून देणारा जुडास. पैशांची थैली त्याच्याकडे होती.

डॅडींशी बोलण्यात अर्थ नाही.

तसबिरीतल्या येशूचं हृदय छातीवर बाहेरच काढलेलं आहे. काटे, ज्वाळा, सगळं दिसतं. आज पहिल्यांदा वाटलं, माझं आत आहे तेच बरं.

२५ मार्च, मंगळवार
पापनिवेदनाला गेले. फादरांना सांगितलं, इतरांच्या श्रद्धेतली ढिलाई बघून मला फार यातना होतात. त्यांनी विचारलं, कोणाच्या? मी नाव घेतलं नाही. फक्त पार्लर म्हटलं. आणि मिस्साला उशीर. आणि पर्स.

जाळीपलीकडून फादर म्हणाले, फ्लॅविया, इथे आपली पापं सांगायची असतात. शेजाऱ्यांची सांगायला शेजारी येतात.

प्रायश्चित्त म्हणून त्या व्यक्तीसाठी दहा 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. म्हटल्या. दहाही वेळा तिचा चेहरा समोर. जाताना ती हृदयाच्या ओटीवर होती, येताना माजघरात येऊन बसली.

२८ मार्च, शुक्रवार
आज मन हलकं आहे. संध्याकाळी बसस्टॉपवर लॅन्स अंकल भेटले. मी विषय काढला नाही. त्यांनी लेंट कसं चाललंय विचारलं, त्यावरून निघाला. मी काळजीपोटी एवढंच म्हटलं, नेरिसाचं पार्लर गुरुवारी रात्री नऊपर्यंत चालू असतं हो, तिने मॅडमना विचारलंय ना? नाहीतर ऐन वेळी अकराच जण बसतील, फादरांना कसं दिसेल? अंकल म्हणाले, बरं झालं बोललीस, विचारतो.

एवढंच. दुसऱ्याची अडचण आधीच ओळखणं हीसुद्धा सेवाच आहे. मौन आज पूर्ण पाच मिनिटं जमलं. झाडलोटीला यश येतंय.

१ एप्रिल, मंगळवार
ती रात्री आली. उंबऱ्यावर बसली नाही, उभीच राहिली. लॅन्स अंकलनी विचारलं म्हणून तिने पार्लरच्या शैला मॅडमना रजा मागितली. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या दिवसापासून सुट्ट्या, गुरुवारी संध्याकाळी बायकांची रांग लागणार, काउंटरला कोण बसेल? रजा नाही. ती म्हणाली, विचारलंच नसतं ना आंटी, तर तासभर सटकले असते. आता मॅडम डोळ्यांत तेल घालून बसणार.

मम्मीने तिला जवळ घेतलं. ती गेल्यावर मम्मी मला म्हणाली, हिचे पप्पा गेले त्या वर्षी ते बारांत होते. पाय सुजलेले, बूट जात नव्हता, तरी गेले. फादरांच्या हातात तो पाय बघून ही पोर केवढी रडली होती. आठवतं ना?

मला आठवत नव्हतं. आठवलं असतं तर मी बसस्टॉपवर

मौन पाळलं नाही. वेळ नव्हता.

६ एप्रिल, रविवार
प्रार्थना ऐकली जाते!

लॅन्स अंकलनी माइकवर सांगितलं, बारा जणांत एक बदल आहे. नेरिसाच्या जागी फ्लॅविया. या वेळी मी हलले नाही. मान खाली, डोळे मिटलेले. असं दिसावं की मला अपेक्षाच नव्हती. शेजारच्या बाईंनी आपलं पुस्तक घट्ट धरून ठेवलं.

दुपारी
बाहेर अंकलचे आभार मानले. ते म्हणाले, माझे कसले? नेरिसानेच नाव दिलं तुझं. म्हणाली, फ्लॅवीला द्या अंकल, ती तीन वर्षं झाली सगळ्यांच्या आधी येते आणि खिडक्या उघडते.

माझा आनंद चर्चच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत टिकला.

मी मिळवलेली जागा वेगळी आणि तिने दिलेली वेगळी. आता आयुष्यभर ती देणारी आणि मी घेणारी. तिने हे मुद्दाम केलं असेल का? नसेल. तेच तर असह्य आहे.

१० एप्रिल, गुरुवार
बाहेरच्यांना वाटेल, पाय धुणार आहेत तर मळके घेऊन जात असतील. तसं नसतं. आमच्याकडे बाराही जण घरून पाय लखलखीत करून जातात, मग फादर ते धुतात. मम्मीने आज मला मोरीत बसवलं आणि वजरी घेतली. म्हणाली, असल्या टाचा फादरांच्या हातात देणार? नाक कापशील माझं. मी म्हटलं, मम्मी, महत्त्व अंतःकरणाच्या शुद्धीला आहे. ती म्हणाली, अंतःकरण फादरांना दिसत नाही, टाच दिसते.

खूप घासलं. टाच फुटली. रक्त आलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
संध्याकाळी ती आली. हातात प्लास्टिकचा टब, ब्रश, क्रीमच्या बाटल्या. म्हणाली, आंटीने तुझी टाच सोललीन म्हणे? दाखव. मी नको म्हटलं. ती म्हणाली, पार्लरमध्ये लोक याचे आठशे देतात, गप पाय घाल.

मी खुर्चीवर. ती खाली लादीवर, माझा पाय तिच्या मांडीवर. कोमट पाण्यात काहीतरी घातलं, मग हळूहळू घासायला लागली. म्हणाली, फ्लॅवी, तुझ्या टाचेच्या भेगांत फ्लेमिंगो उतरतील गो, एवढा शिवडीच्या खाडीचा चिखल आहे. मम्मी हसून हसून पलंगावर बसली. मीही हसले. मग ती गुणगुणत राहिली. जखमेपाशी आली की हात आपोआप हलका व्हायचा. शेवटी टॉवेलने एकेक बोट पुसलं.

आणि त्या क्षणी मला कळलं. मी वर बसले आहे, ती गुडघ्यांवर आहे, माझा पाय धुते आहे. म्हणजे मी बारांपैकी एक. आणि ती कोण? येशूच्या जागी कोण आहे?

माझी जागा मला मिळाली, तर हिने त्याहीपेक्षा वरची घेतली! तीही माझ्याच घरात, माझ्याच टबापुढे. टब तिचा होता, पण तरी.

ती उठताना चप्पल शोधत होती तेव्हा तिच्या टाचा दिसल्या. माझ्याहून वाईट. दिवसभर उभं राहून भेगा पडल्यात, एकीवर चिकटपट्टी. नुसती नोंद करून ठेवते.

१५ एप्रिल, मंगळवार
संकल्प: आजपासून आनंदी राहायचं. जागा माझी आहे. पाय सुंदर आहेत. गुरुवारचा हाफ डे मंजूर झालाय.

दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आनंदी होते. मग डबा उघडला आणि मनात आलं, गुरुवारी फादर माझा पाय पुसत असतील तेव्हा ती दादरला कोणाच्या तरी भुवया करत असेल, आणि वरून देव दोघींकडे बघत असेल. कोणाकडे जास्त?

मी हे कागदावर लिहिलं आहे. वाचून बघितलं. हे निरीक्षण नाही. न्याय पण नाही.

मौनाला बसले. फादरांनी राखेच्या बुधवारी काय विचारलं होतं ते मुद्दाम आठवलं नाही. तरी आठवलं.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
पार्लरच्या काउंटरवर बसून लिहितेय. वही सोबत आणली ते बरं केलं, फोन वाजायचा थांबला की लिहिता येतं. समोर दोन बायका केसांना मेंदी लावून बसल्यात. एकीला मी सहाची वेळ दिली होती, दुसरीलाही सहाचीच. दोघी माझ्याकडे बघत नाहीत. शैला मॅडम म्हणाल्या, ग्रॅज्युएट ना तू?

सकाळी फादरांना फोन केला. म्हटलं, माझ्या जागी परत नेरिसाचं नाव घाला. त्यांनी विचारलं, का गं? माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्याग होता, मैत्री होती, तिच्या पप्पांचे सुजलेले पाय होते. सगळी चांगली होती, रात्री झोपताना जुळवलेली. तोंडातून आलं, मला तिचा हेवा वाटतो, फादर. जागा माझ्याकडे आली तरी वाटतो.

पलीकडे कुकरची शिटी झाली. फादर म्हणाले, आणि जागा तिला दिलीस तर जाईल? मी म्हटलं, नाही जाणार बहुतेक. पण ती तरी तिथे असेल.

मग इथे आले. शैला मॅडमना विचारलं, काउंटर मी सांभाळते, दीड तास सोडा तिला. त्या तयार होईनात. मी म्हटलं, टॉवेलही धुते. मग झाल्या.

नेरिसाच ऐकेना. ओरडली माझ्यावर, बायकांसमोर. वेडी झालीस काय? दोन तास तुझ्या टाचा घासल्या मी, आता जाऊन माझ्या ह्या दाखवू फादरांना? मी तिची पर्स तिच्या खांद्याला अडकवली आणि दाराकडे ढकललं. टॅक्सी उभीच होती. दरवाजात ती थांबली. म्हणाली, लॅन्स अंकलना कोणी सांगितलं ते मला माहीत होतं गो. बिल्डिंगमध्ये माझी एवढी काळजी दुसरं कोण करतं?

आणि हसली. रागाने नाही. मी काही बोलायच्या आत टॅक्सी सुटली.

फोनवर मम्मीने फोटो पाठवलाय. फादर खाली वाकलेले, हातात तिचा पाय, चिकटपट्टीसकट. तिने तोंडावर हात धरलाय, त्यामुळे रडतेय की हसतेय कळत नाही. खाली मम्मीने लिहिलंय, तू कुठे मेलीस? बाराही जणांचे पाय धुऊन झाले तरी तू नाहीस!

फोटो मोठा करून बघितला. मग परत बघितला. हेवा आहे. जागच्या जागी आहे. त्याच्या शेजारी अजून काहीतरी आहे, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. काचेसारखं तर काही झालेलं नाही.

सकाळचं एक राहिलं. फोन ठेवण्याआधी फादर म्हणाले होते, तू मोकळीच आहेस तर उद्या ये. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं वाचन तीन-चार जण मिळून करतात. येशूचं वाचायला माणूस आहे, निवेदक आहे. जमावाचं वाचायला कोणी उभं राहायला तयार नाही. एकच वाक्य आहे, 'त्याला क्रुसावर खिळा', पण मनापासून ओरडावं लागतं, आणि चर्चमधल्या सगळ्या भल्या माणसांना त्याची लाज वाटते.

मी हो म्हटलं. नाव दिलंय.